सारखा चौथा येणारा माणूस

अकरा रविवारांत मी सहा वेळा चौथा आलो. आमच्या पोकरच्या टेबलावर नऊ जण बसतात, गुण पहिल्या तिघांनाच मिळतात आणि चौथ्याने उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचा असा नियम आहे. सहाव्या चहाला दादा म्हणाला, "चहा सुधारला रे तुझा. आता खेळाचं बघ काहीतरी."

खरं सांगायचं तर तोवर मला चौथं येण्याचा थोडा अभिमानच होता. नवातल्या पाच जणांना मागे टाकून मी दर वेळी उंबरठ्यापर्यंत पोचत होतो आणि तिथे काहीतरी विपरीत घडत होतं. एकदा माझ्या दोन राण्यांसमोर भाच्याचे एक्का-राजा होते, त्याला शेवटच्या पानावर राजा लागला. एकदा तर हातात दोन एक्के होते आणि समोरच्याची सत्ती-अठ्ठी ओळीत बसली. या हकिकती मी आठवडाभर ऑफिसात सांगायचो. ऐकणारेही हळहळायचे, कारण त्यांना पोकर येत नव्हतं.

पत्ते आमच्या घराला नवीन नाहीत. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरात उन्हाळ्याच्या सुट्टीत मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन चालायचं आणि दिवाळीत चिंचोके लावून तीन पत्ती. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि चाळीस वर्षं ब्रिज खेळतायत. पोकर मात्र मी आणलं, २०२० च्या टाळेबंदीत, फोनमधून. तेव्हा मी फक्त टूर्नामेंट खेळायचो. पन्नास रुपयांत शिरायचं आणि नशिबाने साथ दिली तर काही हजार घेऊन बाहेर पडायचं. डोक्यात ख्रिस मनीमेकर होता. टेनेसीमधला एक अकाउंटंट, ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, लास व्हेगासला पोचतो आणि २००३ मध्ये ८३९ जणांतून पोकरच्या वर्ल्ड सीरिजची मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर नेतो. आडनावसुद्धा त्याचं खरंच तसं! आमच्या सीए मित्राने ही गोष्ट ऐकून एकच प्रश्न विचारला होता, "बाकीचे ८३८ काय घेऊन गेले?" मी तो प्रश्न तेव्हा हसण्यावारी नेला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आला आणि अ‍ॅपवरचे पैशांचे खेळ बंद पडले. उरलेली रक्कम काढून घेताना मी पहिल्यांदा सगळा हिशोब उतरवून घेतला. ४१२ टूर्नामेंट, त्यातल्या ५१ मध्ये बक्षीस, आणि एकूण खातं १८,७४० रुपयांनी उणे. बायकोला मी पाच वर्षं "थोडंफार वर-खाली" असं सांगत आलो होतो. वर-खाली शब्दातला "वर" कुठे होता ते मला त्या कागदावर सापडेना.

त्या गणपतीत रामबागेच्या घरी सगळे जमले असताना दादाने सुचवलं की हा खेळ घरीच खेळू. आईची अट एकच होती, "पैसा दिसला तर कॅट गॅसवर." ती बरोबरच होती. मध्य प्रदेशात अजून १८६७ चा जुगाराचा कायदा आहे, आणि बडोद्याचा मावसभाऊ तर फोनवर पोकरचं नाव काढलं तरी दबक्या आवाजात बोलतो, कारण त्यांच्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगारच ठरवलंय. तेव्हा आमच्याकडे फक्त प्लास्टिकच्या चिप्स आणि वहीतले गुण. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. टूर्नामेंटच ठेवली, कारण ती त्याच रात्री निकालात निघते आणि सोमवारी सगळ्यांना ऑफिस असतं.

दादाच्या त्या चहाच्या टोमण्यानंतर मी घरी येऊन इंटरनेटवर शोधलं, खेळ सुधारायचा तर टूर्नामेंट खेळावी की कॅश गेम, म्हणजे ज्यात चिप्स संपल्या तर नव्या घेता येतात आणि हवं तेव्हा उठता येतं. दोन्ही बाजूंनी माणसं हिरिरीने भांडत होती. कॅशवाले म्हणत होते खरं पोकर आमचं, टूर्नामेंटवाले म्हणत होते हिंमत आमची. एक गंमतीची गोष्ट तेवढी हाती लागली. १९७० मध्ये लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये पहिली वर्ल्ड सीरिज झाली तेव्हा टूर्नामेंट नव्हतीच. सगळे कॅश गेम खेळले आणि शेवटी खेळाडूंनीच मतं देऊन जॉनी मॉसला सर्वोत्तम ठरवलं. चिप्स संपल्या की घरी, हा प्रकार १९७१ पासून सुरू झाला, आणि तोही मॉसनेच जिंकला. म्हणजे त्याला विचारलं असतं तर तो बहुधा "दोन्ही" म्हणाला असता. मला त्याचा काही उपयोग नव्हता.

उपयोग झाला तो वहिनीचा. वहिनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि टेबलावर फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "भाऊजी, एका संध्याकाळी तुम्ही किती डाव खेळता?" मी मोजलं. हाताने पिसायचं, वाटायचं, त्यात गप्पा; तासाला पंचवीस डाव झाले तरी खूप. तीन तासांची टूर्नामेंट म्हणजे पंचाहत्तर. "आणि त्यातल्या किती डावांत तुमच्यापुढे शंभर बिग ब्लाइंड असतात?" फक्त पहिल्या अर्ध्या तासातल्या. ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधी दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या चिप्स, एकाला लहान, दुसऱ्याला मोठी; पुढ्यातल्या चिप्स या मोठीच्या, बिग ब्लाइंडच्या, पटीत मोजतात. मग दर वीस मिनिटांनी ब्लाइंड चढतात. आठाच्या सुमाराला माझ्याकडे पंधरा-वीस बिग ब्लाइंड उरतात, आणि त्यानंतर निर्णय दोनच, सगळं लोटायचं किंवा पान टाकून द्यायचं. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात; मग टेबलावर सगळ्यांची म्हणून तीन उघडतात तो फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर, आणि माझा तिथवरचा खेळच उरत नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे फ्लॉपनंतरचा खेळ तुम्ही आठवड्यातून अर्धा तास शिकता."

ठरलं. डिसेंबरपासून तीन महिने टूर्नामेंट बंद, कॅश गेमसारखं खेळायचं. ब्लाइंड १-२, सरकणार नाहीत. प्रत्येकाला २०० गुणांचा स्टॅक, म्हणजे चिप्सचा ढीग, संपला तर वहीत लिहून नवा घ्यायचा, उठायचं तेव्हा उठायचं, आणि हातात जे असेल ते जमेला.

पहिला रविवार फुकट गेला. पैसे नाहीत म्हटल्यावर कोणी पान टाकेचना. सत्ती-दुर्री घेऊनही लोक रिव्हरपर्यंत येत होते, "बघू तर काय निघतंय" म्हणून. नवा स्टॅक घेणं म्हणजे पाणीपुरीवाल्याकडे "भिया, एक और" म्हणण्याइतकं सोपं होऊन बसलं. मग सीए मित्राने खतावणी घातली. प्रत्येकाचं वेगळं पान, शिल्लक पुढे ओढायची, कधी पुसायची नाही, आणि नवा स्टॅक घेताना तोंडाने मोठ्याने सांगायचं, "माझ्या नावे दोनशे." तीन महिन्यांनी सगळ्यात खाली असलेल्याने गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायची. आमची टाकी ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल की दुसऱ्या रविवारपासून लोक पान टाकायला का शिकले.

आता ज्या डावाने माझं डोकं जागेवर आणलं तो सांगतो. त्याच महिन्यातला रविवार. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि राजा. मी ६ केले, बाकीच्यांनी पानं टाकली, बिग ब्लाइंडवर काका होते, त्यांनी भरले. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, लहान ब्लाइंडचा एक धरून १३. फ्लॉप: बदामचा एक्का, किलवरची नव्वी, चौकटची छक्की. माझी एक्क्यांची जोडी आणि वर राजा. मी ८ लावले, काकांनी भरले. टर्नवर तिर्री. मी २०, काकांनी भरले. पॉट ६९. रिव्हरवर गुलाम. मी ४५ लावले. काकांनी चष्मा पुसला, चहाचा घोट घेतला आणि पुढ्यातले सगळे, १६६, लोटले.

मला अजून १२१ भरायचे होते. मी ताबडतोब तोंडी हिशोब केला, कारण तेवढं मी शिकून ठेवलं होतं. पॉटमध्ये २८०, माझे १२१ मिळून ४०१, म्हणजे दहातल्या तीनदा जरी मी जिंकत असेन तर भरणं बरोबर. मी भरले. काकांनी दोन छक्क्या दाखवल्या. फ्लॉपपासून त्यांच्या तीन होत्या.

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "काय नशीब आहे काका तुमचं." हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान लागायची शक्यता बारा टक्क्यांच्या आत आहे, हेही मी सगळ्यांना ऐकवलं.

वहिनी पानं गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "तीस टक्के हवेत हे तुम्ही अगदी बरोबर काढलंत. पण काका रिव्हरला सगळं लोटतात तेव्हा तीस टक्के वेळा थाप असते का?"

टेबलावर हशा पिकला. सप्टेंबरपासून काकांनी रिव्हरवर रेझ केलंय, म्हणजे समोरच्याच्या वर लावलंय, आणि हाती काही नाही, असं एकदाही झालं नव्हतं. ब्रिजचा माणूस आहे, जे आहे तेवढंच बोलतो. हे मला माहीत होतं. शेजाऱ्यांना माहीत होतं. आईला, जी स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकते, तिलाही माहीत असावं.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा मी तोच डाव टूर्नामेंटमध्ये बसवून पाहिला. तीच पानं, पण माझ्याकडे पंधरा बिग ब्लाइंड. मी अडीच लावतो, काका भरतात, एक्का-नव्वी-छक्कीचा फ्लॉप येतो, मी लावतो, काका वाढवतात, मी सगळे लोटतो. आणि ते बरोबरच आहे. एवढ्या छोट्या स्टॅकने एक्क्यांची जोडी टाकून पळणारा माणूस पोकर खेळू शकत नाही. मी बाहेर पडलो असतो, चहा टाकला असता आणि सोमवारी ऑफिसात सांगितलं असतं की तीन छक्क्या लागल्या, काय करणार. तीच दोन पानं, तेच काका, तोच फ्लॉप. पंधरा ब्लाइंडला ते नशीब होतं आणि शंभर ब्लाइंडला ती माझी चूक होती. १५ ते १०० च्या मधल्या त्या पट्ट्यात, टर्न आणि रिव्हरवर, मला काहीही येत नव्हतं. आणि पाच वर्षं मी असा प्रकार निवडून खेळत होतो जिथे हे कधी उघडं पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. ठरवलं की हरलेला-जिंकलेला आकडा त्यात लिहायचाच नाही, तो खतावणीत आहेच. वहीत दोनच गोष्टी. पत्ते उघडायच्या आधी समोरच्याकडे काय आहे असं मला वाटलं, आणि प्रत्यक्षात काय निघालं. डाव झाला की लगेच, टेबलावरच, वही मांडीवर ठेवून. भाचा म्हणायचा, "मामा पंचनामा करतोय." पहिल्या चार रविवारांच्या नोंदी आज वाचवत नाहीत. "काहीतरी मोठं असावं." "बहुतेक ब्लफ." हे काय वाटणं झालं? हळूहळू लिहिणं सुधारलं: "फ्लॉपवर भरलं, टर्नवर भरताना चिप्स मोजल्या, बदामची दोन पानं असावीत." आणि बदामची निघाली की जो आनंद व्हायचा तो पॉट गमावल्यावरही व्हायचा. बदामची चार पानं झाली आणि दोन पानं उघडायची बाकी असतील तर पाचवं लागायची शक्यता ३५ टक्के, एकच बाकी असेल तर २० च्या किंचित खाली. हे मी फोनवर शेकडो वेळा वाचलं होतं. पण टर्नवर किती लावले म्हणजे समोरच्याला भरणं महाग पडेल, हा विचार करायची वेळच टूर्नामेंटमध्ये माझ्यावर आली नव्हती. पॉटच्या निम्मे लावले तर त्याला २५ टक्के पुरतात, पॉटएवढे लावले तर ३३ हवेत. आता दर रविवारी दहा-बारा वेळा हा प्रश्न समोर यायचा, तोही एकसारख्या खोलीच्या स्टॅकवर, त्यामुळे मागच्या रविवारचं उत्तर या रविवारी ताडून बघता यायचं.

इथे कॅश गेमचं कौतुक करून थांबावं असं वाटत होतं. पण खतावणी मित्राकडे होती आणि त्याला तारखेबरोबर वेळही लिहायची सवय.

फेब्रुवारीत एकदा सराफ्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खात उभे होतो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे रात्रीचा सराफा, खाण्याचा बाजार, लागतो, आणि डाव संपल्यावर रामबागेतून चालत तिथे जायचं हा आमचा शिरस्ता झाला होता. जीरावन मसाला भुरभुरवता भुरभुरवता मित्र म्हणाला, "तू जिंकतोस त्या दिवशी नऊला उठतोस. हरतोस त्या दिवशी साडेअकरा-बारापर्यंत बसतोस. लक्षात आलंय का?" नव्हतं आलं. म्हणजे डोकं ठिकाणावर असतं तेव्हा मी दोन-अडीच तास खेळत होतो आणि वैतागलेला असताना पाच तास. मी म्हटलं, "वसूल करायचं असतं रे." तो म्हणाला, "कोणाकडून? वहीकडून?"

टूर्नामेंटमध्ये हा आजार कळला नसता, कारण तिथे उठायची वेळ तुमच्या हातात नसते. चिप्स संपल्या की खेळ संपतो. कॅशमध्ये खुर्ची सोडणं हाही एक डाव आहे आणि तो मी दर वेळी चुकीचा खेळत होतो. तेव्हापासून दहाचा गजर लावतो. वाजला की पुढची बिग ब्लाइंड यायच्या आधी उठतो, वर असो की खाली. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात पहिल्या वेळी गजर बंद करून मी अजून तासभर बसलो होतो.

तिमाही संपली. मी १९० बिग ब्लाइंड खाली. टाकी थोडक्यात वाचली, ती दादाला धुवावी लागली आणि त्याचा व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर अजून फिरतोय. मी हिरमुसलो होतो. इतका पंचनामा करून शेवटी उणेच? वहिनींनी पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. या खेळात दर १०० डावांमागे प्रमाण विचलन साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंडांचं धरतात. आमचे बारा रविवार म्हणजे जेमतेम बाराशे डाव. ९० ला बाराच्या वर्गमुळाने गुणलं की तीनशेच्या पुढे. "म्हणजे तुम्ही चांगले खेळत असाल तरी तीनशे खाली असू शकता आणि वाईट खेळत असाल तरी तीनशे वर. हा आकडा तुमच्याबद्दल काही बोलत नाहीये." टूर्नामेंटची गत याहून वाईट, कारण बक्षिसं वरच्या दोन-तीन जागांवर एकवटलेली असतात. माझ्या ४१२ टूर्नामेंट आणि ती ५१ बक्षिसं, ज्यांच्या आठवणींवर मी पाच वर्षं काढली, त्यांतूनही फारसं काही सिद्ध होत नव्हतं. १८,७४० मात्र गेले होते.

काकांनी हे ऐकून १९४५ ची गोष्ट काढली, जी त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेली. रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध इंदूरच्या होळकर संघाकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. नाबाद २४९. आणि होळकर हरले. "आता त्याने काय कमी खेळायला हवं होतं?" काका म्हणाले. इंदूरच्या कुठल्याही संभाषणात होळकरांची टीम शिरल्याशिवाय राहत नाही, पण या वेळी ती कामाची निघाली.

मार्चमध्ये आम्ही परत एक टूर्नामेंट ठेवली, आणि त्याआधी मी वहिनींना माझ्या चौथ्या नंबरचं काय ते विचारलं. त्यांनी परत कागद घेतला. समजा चौघे उरलेत, प्रत्येकाकडे २५०० चिप्स, बक्षिसं ५०-३०-२०. चौघे बरोबरीत, तेव्हा प्रत्येकाचा वाटा २५ गुणांचा. आता तुम्ही एकाशी सगळ्या चिप्स लावून भिडलात आणि जिंकलात. तुमच्याकडे ५०००, बाकी दोघांकडे अडीच-अडीच हजार. पहिलं यायची शक्यता निम्मी, दुसरं यायची एक तृतीयांश, तिसरं यायची एक षष्ठांश. गुणाकार करून बेरीज केली तर ३८.३३. चिप्स दुप्पट झाल्या, पण वाटा पन्नास झाला नाही. जे मिळणार ते तेरा, जे जाणार ते पंचवीस. म्हणजे ही भिडंत परवडायला तुम्ही पासष्ट टक्के वेळा जिंकायला हवं. कॅशमध्ये पन्नासच्या वर काहीही चालतं. दोन राण्या विरुद्ध एक्का-राजा हा सामना राण्या सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास जिंकतात; कॅशमध्ये आनंदाने भिडायचं, इथे समोरच्याकडे एक्का-राजाच आहे अशी खात्री असेल तर राण्या टाकायच्या. खेळाडू या हिशोबाला आयसीएम म्हणतात हे मला माहीत होतं, पण बेरीज कधी स्वतःच्या हाताने केली नव्हती.

मी खूश झालो. म्हटलं, म्हणजे चौघं उरल्यावर मी दबून खेळत होतो ते बरोबरच होतं की!

"चौघं उरल्यावर बरोबर," वहिनी म्हणाल्या. "पण तुम्ही नऊ जण असल्यापासून चौघं उरल्यासारखे खेळता."

माझी बोलती बंद झाली. सहा जण असताना, ब्लाइंड २००-४००, माझ्याकडे ४०००. एक फेरी पानं टाकत बसलो की ६०० गेले, आणि वीस मिनिटांत एक फेरी होऊन जाते. मी चांगल्या पानांची वाट पाहत झिजत जायचो आणि चौघांत पोचायचो तेव्हा माझ्याकडे सहा-सात बिग ब्लाइंड असायचे, म्हणजे कोणालाही धाक नाही. ज्याच्याकडे चिप्सचा ढीग असायचा त्याला हे पासष्ट टक्क्यांचं गणित ठाऊक नसलं तरी माझा चेहरा वाचता येत होता. राण्या हरल्या ते खरं, पण त्या राण्यांच्या आधीचा सव्वा तास मी नुसता बसून होतो, आणि त्या सव्वा तासाची हकिकत मी ऑफिसात कधी सांगितली नव्हती.

तेव्हा कॅश की टूर्नामेंट याचं माझ्यापुरतं उत्तर असं झालंय. सध्या महिन्यातले तीन रविवार कॅश, कारण माझं टर्न-रिव्हर अजून कच्चं आहे आणि ते दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. एक रविवार टूर्नामेंट, पण तिच्यासाठी वहीत वेगळं पान आहे आणि त्यावर एकच गोष्ट लिहितो: सगळ्यांनी पानं टाकून माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी किती वेळा चिप्स लावून ब्लाइंड उचलायचा प्रयत्न केला. गोव्यातल्या कॅसिनोच्या बोटींवर किंवा परदेशात पैसे लावून खेळणाऱ्यांचं गणित वेगळं असेल. तिथे कॅश गेमच्या पॉटमधून कॅसिनो आपला वाटा काढतो, टूर्नामेंटला प्रवेशातच फी असते, आणि हरलेले पैसे खरे असतात. मला त्या वाटेला जायचं नाही. १८,७४० मध्ये माझं शिक्षण झालंय. भाच्याचं उलट आहे. तो घाबरत नाही, सत्ती-अठ्ठीवर सगळं लोटतो, त्याला रिव्हरपर्यंत धीरच धरवत नाही. त्याने काय खेळावं हे मी त्याला सांगायला गेलो तर तो माझ्या चहाचं नाव काढतो.

मार्चच्या त्या टूर्नामेंटमध्ये मी पाचवा आलो. चौकटच्या राजा-नव्वीवर दहा बिग ब्लाइंड लोटले, बटनावरून, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरून, मागे दोघेच होते. त्यांतल्या एकाकडे एक्का-दश्शी निघाली. चहा टाकायचा नव्हता. उठून बसावं कुठे ते कळेना.

त्याच्या पुढच्या रविवारी कॅशमध्ये काका आणि मी परत एका डावात सापडलो. माझ्याकडे एक्का-राणी, फ्लॉपवर एक्का. मी तिन्ही वेळा लावलं, काकांनी दोनदा भरलं आणि रिव्हरवर चष्मा पुसून सगळं लोटलं. मी वही उघडली. पान अकरावर काकांच्या नावाखाली लिहिलेलं होतं, "रिव्हर रेझ: थाप कधीच नाही." मी एक्का-राणी टाकली. काकांनी पॉट ओढला, पानं न दाखवता गठ्ठ्यात सरकवली आणि वहिनींकडे पाहून थोडंसं हसले. ब्रिजचा माणूस असा हसत नाही.

सराफ्यात गराडूचा हंगाम संपला होता, म्हणून भुट्ट्याचा कीस घेतला. मी दोनदा विचारलं, काय होतं काका तुमच्याकडे. ते कीस खात राहिले. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाले, "एकशेवीस भरले असतेस तर दाखवली असती."

घरी येऊन पान अकरावरच्या त्या ओळीपुढे मी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.